आकारिक मूल्यमापन आणि राज्य-जिल्हा-केंद्र भागीदारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न शिक्षक, केंद्रप्रमुख (दहा-पंधरा शाळांच्या ‘केंद्रा’चे प्रमुख), डायटचे म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेचे अधिव्याख्याते, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य आणि पालक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येतात. काही दोन ओळींत सुटतात, काहींना वेळ द्यावा लागतो. उत्तरं महाराष्ट्रातल्या पहिली ते आठवीच्या शाळा, त्यातही जिल्हा परिषदेच्या शाळा डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

आकारिक मूल्यमापन म्हणजे दर महिन्याला एक छोटी चाचणीच ना?

चाचणी हे त्याचं एक साधन झालं. मुळात आकारिक काय, हे एका उदाहरणावरून पाहू.

समजा, तिसरीच्या वर्गाला ५२ वजा २७ दिलंय. अठ्ठावीस मुलांपैकी अकरांनी उत्तर ३५ लिहिलं. संकलित, म्हणजे सत्राअखेर गुण देणाऱ्या, मूल्यमापनाच्या लेखी ही अकरा चुकलेली उत्तरं, विषय संपला. पण अकरांचंही उत्तर ३५च कसं आलं? एका मुलाला बोलतं करा, तो सांगेल: ‘सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन.’ म्हणजे वर-खाली काहीही असो, मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा असा नियम त्यानं मनाशी ठरवलाय. हा मुलगा निष्काळजी अजिबात नाही, उलट नियम अगदी काटेकोर पाळतोय. त्याच वर्गात दोघांनी ७९ लिहिलं असेल. त्यांनी चिन्ह न पाहता बेरीज केली. त्यांची गोष्ट वेगळी.

आता दुसऱ्या दिवशी बाईंनी फळ्यावर वजाबाकीची आणखी वीस उदाहरणं लिहून दिली, तर त्या अकरा जणांचा चुकीचा नियम वीस वेळा घोटला जाईल. त्याऐवजी काड्यांचे गठ्ठे दिले, दशकाचा एक गठ्ठा सोडून सुट्या काड्या करायला लावल्या, तर बारातून सात काढणं म्हणजे काय ते हातानं कळेल. उत्तरं पाहून पुढचा तास बदलला, तर ते आकारिक मूल्यमापन. तास बदलला नाही, तर महिन्याला चार चाचण्या घेतल्या तरी ते आकारिक होत नाही.

हे सगळं कधीपासून सुरू झालं? नवीन शैक्षणिक धोरणामुळे का?

नाही, बरंच आधीपासून. ‘आकारिक’ आणि ‘संकलित’ हा भेद तत्त्वज्ञ व मूल्यमापनतज्ज्ञ मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्ये मांडला, तोही अभ्यासक्रमांचं मूल्यमापन करण्याच्या संदर्भात. शिक्षणमानसशास्त्रज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी तो मुलांच्या शिकण्याकडे वळवला. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये मुलांच्या आकलनाचं सातत्यपूर्ण आणि सर्वंकष मूल्यमापन व्हावं असं म्हटलं आहे. कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला महाराष्ट्राचा शासन निर्णय आला.

त्या निर्णयातली आठ साधनतंत्रं शिक्षकांना तोंडपाठ असतात: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम किंवा कृती, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय किंवा वर्गकार्य, आणि ‘इतर’मध्ये स्वयंमूल्यमापन, सहाध्यायी मूल्यमापन, गटकार्य वगैरे. यातली चाचणी वेळापत्रक जाहीर न करता, अनौपचारिकपणे घ्यायची आहे, पुस्तक उघडं ठेवूनही चालेल, असं त्यातच म्हटलंय. हे वाक्य फार कमी जणांच्या लक्षात राहिलं.

भारांशही, म्हणजे शंभरातला वाटा, ठरले. पहिली-दुसरीला आकारिक ७० आणि संकलित ३०, तिसरी-चौथीला ६० आणि ४०, पाचवी-सहावीला ५०-५०, सातवी-आठवीला ४० आणि ६०. लहान वयात रोजच्या निरीक्षणाला महत्त्व जास्त, हा विचार उत्तमच होता. पण माझ्या मते अडचणीची सुरुवातही इथेच झाली. ज्या कामाचा हेतू पुढचा तास सुधारणं हा होता, त्याला ७० पैकी गुण लागले. गुण द्यायचे म्हटल्यावर पुरावा हवा, पुराव्यासाठी तक्ता हवा, आणि तक्ता मार्चअखेर एकदम बसून भरता येतो.

पायाभूत चाचणी आणि पॅट हे आकारिक की संकलित?

हेतूनं एक आणि वापरानं दुसरं, असं झालंय.

२२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ निर्णयानंतर राज्यभर एकसारख्या पायाभूत चाचण्या सुरू झाल्या. पुढे स्टार्स प्रकल्प आला. जागतिक बँकेच्या मदतीचा हा प्रकल्प महाराष्ट्र, राजस्थान, मध्य प्रदेश, केरळ, ओडिशा आणि हिमाचल प्रदेश या सहा राज्यांसाठी आखला गेला. त्यातून २०२३-२४ पासून नियतकालिक मूल्यांकन चाचणी, म्हणजे सगळे जिला ‘पॅट’ म्हणतात ती, सुरू झाली: आधी पायाभूत, मग संकलित एक आणि संकलित दोन, विषय प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी. प्रश्नपत्रिका राज्यस्तरावरून येतात, गुण चॅटबॉटमधून पुण्याच्या विद्या समीक्षा केंद्राकडे, म्हणजे शाळांची माहिती गोळा करणाऱ्या राज्याच्या केंद्राकडे, जातात.

पायाभूत चाचणी मागच्या इयत्तेच्या अध्ययन निष्पत्तींवर, म्हणजे त्या इयत्तेअखेर मुलाला काय यायला हवं त्यावर, असते. वर्गात आलेलं मूल कुठे उभं आहे ते सत्राच्या सुरुवातीलाच कळावं, हा तिचा हेतू. म्हणजे पूर्णपणे आकारिक. पण चॅटबॉटमध्ये गुण जातात, उत्तर जात नाही. वरच्या उदाहरणातला ३५ लिहिणारा आणि ७९ लिहिणारा, दोघेही तिथे शून्यच. फरक फक्त उत्तरपत्रिकेत आहे, आणि ती शाळेच्या कपाटात आहे. तेव्हा पॅटचा आकारिक उपयोग कुठे करायचा असेल, तर तो त्या कपाटाशी. गुण भरून झाल्यावर निदान एका विषयाच्या उत्तरपत्रिका पुन्हा काढून चुकांप्रमाणे गठ्ठे केले तरी चाचणीचं चीज होतं.

पॅटच्या प्रश्नपत्रिका आधीच यूट्यूबवर फिरल्याच्या बातम्याही येऊन गेल्या. निदानासाठीच्या चाचणीत प्रश्न फोडून कोणाला काय मिळणार? पण जिथे शाळांची, केंद्रांची, तालुक्यांची टक्केवारी लावून बैठका होतात, तिथे प्रत्येक चाचणी परीक्षाच होऊन बसते.

राज्य, जिल्हा, तालुका, केंद्र, शाळा: यात कोणाचं काम काय?

कागदावर साखळी चोख आहे. पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, म्हणजे एससीईआरटी, प्रत्येक जिल्ह्याची डायट, शिक्षणाधिकारी, तालुक्याला गटशिक्षणाधिकारी आणि गटसाधन केंद्रातल्या, शिक्षकांना मार्गदर्शन करणाऱ्या साधनव्यक्ती, बीटचे (काही केंद्रांच्या गटाचे) विस्तार अधिकारी, मग केंद्रप्रमुख आणि शाळा. आदेश या साखळीतून एका दिवसात खाली पोचतो. व्हॉट्सॲपमुळे आता एका तासात.

भागीदारी म्हणायची तर प्रवास दोन्ही बाजूंनी व्हायला हवा. ओळखायची खूण सोपी आहे. शाळेनं माहिती वर पाठवली, त्या बदल्यात पंधरा दिवसांत शाळेला काय मिळालं? ‘तुमच्या केंद्रातल्या चौथीच्या मुलांना अपूर्णांकांची तुलना जड जातेय, हे चार प्रश्न वर्गात विचारून पाहा, पुढच्या परिषदेत बोलू’ असं काही परत आलं, तर ती भागीदारी. ‘माहिती भरण्यात आपला तालुका मागे आहे’ एवढंच आलं, तर ती फक्त वसुली.

राज्यानं करायच्या दोन गोष्टी इतर कोणी करू शकत नाही. पहिली, उत्तम प्रश्न तयार करणं. चुकीच्या उत्तरातूनही मुलाचा विचार दिसेल असा प्रश्न बनवणं कौशल्याचं आणि वेळखाऊ काम आहे. प्रत्येक शिक्षकानं ते रात्री घरी बसून करावं ही अपेक्षा अन्यायाची. ‘०.५ आणि ०.३५ यातली मोठी संख्या कोणती’ हा प्रश्न बघा. ३५ हे ५ पेक्षा मोठे म्हणून ०.३५ मोठी म्हणणारं मूल लगेच सापडतं. ‘०.५ आणि ०.३’ विचारलं, तर तेच मूल बरोबर उत्तर देऊन निसटतं. असे शे-दोनशे प्रश्न, सोबत ‘हे उत्तर आलं तर मुलाच्या मनात बहुधा असं चाललंय’ ही टीप, एवढं राज्यानं दिलं तर पुष्कळ. दुसरी गोष्ट म्हणजे कमी मागणं. एक नवी नोंद मागायची तर एक जुनी बंद करायची. हे लिहायला सोपं आणि करायला महाकठीण, कारण प्रत्येक तक्त्याला कोणी ना कोणी वाली असतो.

जिल्ह्याचं काम भाषांतराचं, पण भाषेच्या अर्थानं नव्हे: राज्याचं ते आपल्या मातीत लावणं. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणातून डायट उभ्या राहिल्या त्या याचसाठी. पुण्यात बसून गडचिरोलीचा आणि कोल्हापूरचा वर्ग एकाच वेळी दिसत नाही. डायटला आपापला दिसू शकतो. डायटमधल्या रिक्त पदांचं दुखणं जुनं आहे, त्यामुळे असलेल्या अधिव्याख्यात्याच्या अंगावर दहा उपक्रमांचं नोडलपण, म्हणजे समन्वयाची जबाबदारी, असतं. अशा वेळी जिल्ह्यानं सगळ्या तालुक्यांत सगळं करायचा आव आणण्यापेक्षा दोन-तीन केंद्रांशी वर्षभर धरून राहणं बरं.

आमची शिक्षण परिषद परिपत्रकं वाचण्यातच संपते. ती वेळ आकारिक मूल्यमापनासाठी कशी वापरता येईल?

या पानावरचा हा सगळ्यात कामाचा प्रश्न. महिन्यातून एकदा दहा-पंधरा शाळांचे शिक्षक एका छताखाली येतात. अशी सोय बऱ्याच प्रगत म्हणवणाऱ्या देशांतल्या शिक्षकांना भांडून मिळवावी लागते. आपल्याकडे ती आहे आणि आपण तिच्यात परिपत्रकं वाचतो, जी सगळ्यांच्या मोबाईलवर आदल्या रात्रीच आलेली असतात.

एक पद्धत सांगतो. आधीच्या महिन्यात एक प्रश्न ठरवायचा, एकाच इयत्तेचा, एकाच निष्पत्तीवरचा. प्रत्येकानं तो आपल्या वर्गात द्यायचा आणि परिषदेला येताना पाच-सहा मुलांच्या वह्या किंवा कागद आणायचे. हुशार मुलांचे निवडून आणायचे नाहीत. नावं झाकायची, शाळेचं नावही झाकायचं. मग चौघा-पाचजणांच्या गटात सगळे कागद एकत्र करून त्यांचे गठ्ठे करायचे, पण ‘बरोबर’ आणि ‘चूक’ असे दोन नाहीत. मुलानं काय विचार केला असेल, त्यावरून. सुरुवातीला गटात वाद होतात. होऊ द्या, खरं प्रशिक्षण त्या वादातच असतं. चौथ्या-पाचव्या कागदावर कोणीतरी म्हणतं, ‘अहो, माझ्या वर्गात निम्मी मुलं असंच करतात, मला वाटायचं घाई करतात.’

गठ्ठे झाले की त्यातला एकच निवडायचा आणि पुढच्या आठवड्यात वर्गात काय करून पाहायचं ते ठरवायचं. एकच कृती. पुढच्या परिषदेची सुरुवात ‘करून पाहिलं का, काय झालं’ इथूनच. ‘जमलं नाही’ हे उत्तरही चालतं, त्याचं कारण मात्र सांगायचं. या सगळ्याला पाऊण तास लागतो. उरलेल्या वेळात परिपत्रकं वाचा हवं तर.

केंद्रप्रमुखांनी दोन पथ्यं पाळावीत. एक, शाळांची तुलना करायची नाही. तुलना झाली की पुढच्या महिन्यात फक्त नीटनेटक्या वह्या येतील. दोन, या बैठकीचे फोटो आणि अहवाल एका पानाच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. विस्तार अधिकाऱ्यांनी अधूनमधून येऊन बसावं, पण गटात, खुर्ची लावून समोर नाही.

सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटचं नाव एकेकाळी तिथल्या रचनावादी (मूल स्वतः करून शिकतं अशा) वर्गांमुळे राज्यभर झालं, बसगाड्या भरभरून शिक्षक तिथे वर्ग पाहायला गेले. परत येऊन अनेकांनी फरशीवरच्या आकृत्या रंगवल्या. आकृत्या नेता येतात. बीटमधल्या शिक्षकांनी एकमेकांच्या वर्गाबद्दल सतत केलेली चर्चा नेता येत नाही, ती आपल्याकडे नव्यानंच सुरू करावी लागते.

वर्णनात्मक नोंदी नेटवरून उतरवल्या तर बिघडलं कुठे? सगळेच करतात.

सगळे करतात हे खरं. ‘विशेष प्रगती’, ‘आवड व छंद’, ‘सुधारणा आवश्यक’ या तीन रकान्यांसाठी तयार वाक्यांच्या पीडीएफ फिरतात, ॲपसुद्धा आहेत. ‘परिसर स्वच्छतेबाबत जागरूक असतो’ हे वाक्य राज्यातल्या किती मुलांच्या नावावर जमा असेल देव जाणे.

यासाठी फक्त शिक्षकाला धरणं योग्य नाही. पस्तीस मुलं, आठ विषय, दोन सत्रं, असा हिशेब केला तर ५६० नोंदी होतात. एवढ्या नोंदी मनापासून कोणीच लिहू शकत नाही. मग जिथे गरज आहे तिथेही मनापासून लिहिलं जात नाही, हे खरं नुकसान.

याला पर्याय आहे: टाचणाच्या, म्हणजे पाठाच्या तयारीच्या वहीच्या, समासात रोज तीन-चार मुलांची नावं आणि एकेक ओळ. ‘संध्या – जोडाक्षरं वाचते, लिहिताना र सोडते.’ ‘इरफान – गोष्ट तोंडी छान सांगितली, लिहायला बसवलं की दोन ओळी.’ आठवड्यात पंधरा-वीस मुलं होतात, पंधरवड्यात वर्ग फिरून येतो. पण शिक्षक हे तेव्हाच करील, जेव्हा भेटीला आलेले साहेब छापील नोंदवही पूर्ण नाही म्हणून शेरेबुकात तांबडी शाई वापरणार नाहीत. इथे जिल्ह्यानं लेखी सांगायला हवं की समासातल्या या नोंदी ग्राह्य आहेत. एक साधं पत्र, पण ते शिक्षणाधिकाऱ्यांच्या सहीनं निघालं पाहिजे.

वहीवर गुणही द्यावेत आणि शेराही लिहावा का?

रोजच्या कामावर गुण नकोत, फक्त शेरा. रूथ बटलर या संशोधिकेनं इस्रायलमध्ये केलेला, १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास यासाठी नेहमी सांगितला जातो. काही मुलांना फक्त गुण, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही दिले. फक्त शेरा मिळालेली मुलं पुढे गेली. दोन्ही मिळालेल्यांची गत गुणवाल्यांसारखीच झाली, कारण गुण दिसले की मूल शेरा वाचतच नाही. आपणही लहानपणी कुठे वाचत होतो.

शेरा मात्र कामाचा हवा. ‘छान’, ‘सुधारणा करा’, ‘अक्षर सुंदर काढ’ हे शेरे नव्हेत. ‘तिसऱ्या ओळीतलं एकक स्थान पुन्हा बघ’ हा शेरा. आणि पुन्हा बघायला वर्गातच पाच मिनिटं द्या.

द्विशिक्षकी शाळा आहे. माझ्याकडे दोन-तीन वर्ग एकत्र असतात. मला हे शक्य आहे का?

पट कमी असतो ही तुमची जमेची बाजू. वीसच्या आतल्या पटाच्या हजारो शाळा राज्यात आहेत आणि तिथल्या शिक्षकाला प्रत्येक मूल खरोखर माहीत असतं. अडचण वेळेची. त्यावर जुनी पाटी कामाला येते. प्रश्न विचारा, उत्तर पाटीवर लिहायला सांगा आणि ‘एक दोन तीन’ म्हटल्यावर सगळ्यांनी पाटी वर करायची. दहा सेकंदांत सगळ्या वर्गाचं उत्तर दिसतं. ‘समजलं का रे?’ विचारलं की एका सुरात ‘हो बाई’ येतं. पाटी असं खोटं बोलत नाही.

बहुवर्ग शिक्षकांसाठी केंद्रात वेगळा गट असावा. पन्नास मुलांचा एक वर्ग सांभाळणाऱ्यांच्या युक्त्या त्यांच्या उपयोगी पडत नाहीत.

मूल घरी पावरी, कोरकू किंवा गोंडी बोलतं. मराठीत उत्तर देत नाही. नोंद काय करायची?

आधी हे ठरवा की काय तपासायचंय. गणिताची समज तपासायची असेल तर उत्तर कोणत्याही भाषेत, बोटांनी, खड्यांनी आलं तरी ते उत्तर आहे. मेळघाटातलं एखादं मूल कोरकूत मोजून बरोबर वाटणी करतं आणि मराठी प्रश्नपत्रिकेत कोरा कागद देतं. तिथे ‘भागाकार येत नाही’ ही नोंद खोटी आहे. ‘वाटणी करता येते, मराठीतला शाब्दिक प्रश्न उलगडत नाही’ ही खरी. पहिल्या नोंदीवरून शिक्षक पुन्हा भागाकार शिकवत बसेल, दुसरीवरून प्रश्नाच्या भाषेवर काम करील.

राज्यस्तरीय चाचणी या बाबतीत आंधळी असते, आणि ते तिच्या स्वभावातच आहे. म्हणून नंदुरबार, अमरावती, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत डायटनं स्थानिक भाषा येणाऱ्या शिक्षकांकडून प्रश्नांची तोंडी रूपं करून घ्यायला हवीत. छापायचीही गरज नाही, शिक्षकाच्या मोबाईलमध्ये आवाज असला तरी पुरे. अंगणवाडीताई आणि गावातली शिकलेली मुलं यात मोलाची मदत करतात.

मराठी घरांतल्या मुलांचीही एक अडचण इथेच सांगून टाकतो. ‘त्रेचाळीस’ ऐकून ३४ लिहिणारी मुलं दुसरीत भरपूर असतात, कारण आपण एकक आधी उच्चारतो आणि दशक नंतर. स्थानिक किंमत कळली नाही असा निष्कर्ष काढण्याआधी तीच संख्या काड्यांनी दाखवायला सांगा.

स्वयंसेवी संस्था किंवा सीएसआरचे (कंपन्यांच्या सामाजिक निधीचे) भागीदार जिल्ह्यात येतात. त्यांच्याकडून काय घ्यावं?

काय देतात त्याआधी काय मागतात ते पाहा. संस्थेचं स्वतःचं ॲप, स्वतःची चाचणी, स्वतःचा तक्ता शिक्षकावर चढणार असेल तर नम्रपणे नको म्हणायला हरकत नाही.

चांगली उदाहरणंही जवळच आहेत. ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेनं वापरात आणलेली वाचनाची साधी पट्टी बघा: प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. मुलाला समोर बसवून दोन-तीन मिनिटांत कळतं आणि लगेच त्या पातळीनुसार गट करता येतात. पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यातल्या सोनाळे इथली ‘क्वेस्ट’ ही संस्था आणि फलटणची प्रगत शिक्षण संस्था यांनी मराठीतून वाचायला-लिहायला शिकण्यावर वर्षानुवर्षं काम केलंय. अशा संस्थांकडून घ्यायची गोष्ट म्हणजे चुकांकडे पाहण्याची नजर. साहित्याची पेटी दुय्यम.

करार करताना एक अट जरूर घाला: तिसऱ्या वर्षी हे काम डायट आणि साधनव्यक्ती स्वतः करतील, आणि त्यासाठी पहिल्या वर्षापासून ते संस्थेच्या माणसांबरोबर वर्गात बसतील.

यानं खरंच फरक पडतो, याला पुरावा आहे का?

आहे, पण दोन्ही बाजूंचा आहे आणि दुसरी बाजू आपल्याकडे कमी सांगितली जाते.

लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी १९९८ मध्ये सुमारे अडीचशे अभ्यासांचा आढावा घेतला. वर्गात रोजच्या रोज नीट केलेल्या आकारिक मूल्यमापनानं मुलांचं शिकणं चांगलंच वाढतं, मागे पडलेल्या मुलांचं तर अधिकच, असं त्यातून दिसलं.

दुसरी बाजू हरियाणातली. तिथल्या कुरुक्षेत्र आणि महेंद्रगड जिल्ह्यांतल्या सुमारे ५०० सरकारी शाळांत संशोधकांनी दोन कार्यक्रम तपासले. एक, सरकारी पद्धतीचं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, प्रशिक्षण आणि नोंदवह्यांसकट. दुसरा, मुलांचे वाचनाच्या पातळीनुसार गट करून रोज ठरलेला वेळ त्याच पातळीवर शिकवणं. पहिल्यानं मुलांच्या गुणांत फरक पडला नाही. दुसऱ्यानं प्राथमिकच्या मुलांचं हिंदी सुधारलं.

दोन्ही कार्यक्रमांत मूल्यमापन होतंच. पण एकात त्यातून नोंद तयार झाली, दुसऱ्यात रोजचा तास बदलला. आपल्या राज्यातल्या प्रत्येक नव्या परिपत्रकाला हा अभ्यास टाचून ठेवावा असं मला फार वाटतं.

पाचवी-आठवीला परीक्षा परत आली. मग आता आकारिकचं काय?

शिक्षण हक्क कायद्यातल्या २०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीनंतर राज्यांना तशी मुभा मिळाली आणि महाराष्ट्रात २०२३-२४ पासून या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा आहे: पाचवीला विषयागणिक ५० गुणांची, आठवीला ६० गुणांची, उत्तीर्ण व्हायला ३५ टक्के. नापास झालेल्यांची पुनर्परीक्षा होते. पण आकारिक मूल्यमापन कायद्यातून गेलेलं नाही. उलट एप्रिलमध्ये नापास होणारं मूल ऑगस्टमध्येच दिसायला हवं, म्हणून त्याची गरज वाढली. मे महिन्याच्या जादा तासांत वर्षभराचं भरून निघत नाही.

समग्र प्रगतीपत्रक आलं की प्रश्न सुटेल?

नव्या धोरणातल्या या पत्रकात मूल स्वतःबद्दल सांगतं, सोबती सांगतो, पालक सांगतात. कल्पना चांगली. २०१० च्या निर्णयातही स्वयंमूल्यमापन आणि सहाध्यायी मूल्यमापन होतंच, ‘इतर’ या रकान्यात. पत्रक वर्षाअखेर एका बैठकीत भरलं तर त्याच्याही तयार पीडीएफ निघतील.

पालक किंवा शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य म्हणून आम्ही काय विचारावं?

‘किती टक्के पडले?’ याऐवजी ‘सध्या तो कुठे अडतोय आणि त्यासाठी तुम्ही काय करताय, घरी आम्ही काय करू?’ असं विचारा. शिक्षकाला दोन वाक्यांत उत्तर देता आलं, तर काम चालू आहे. श्रेणीचा अर्थही विचारा. ‘ब-१’ म्हणजे ७१ ते ८० टक्के एवढंच कळतं, मुलाला काय येतं ते त्यातून कळत नाही.

समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. बैठकीत बांधकाम आणि पोषण आहार झाला की एखाद्या इयत्तेच्या दोन-चार वह्या, नावं झाकून, टेबलावर ठेवायला मुख्याध्यापकांना सांगा. शिक्षकावर खटला भरायला नव्हे, पाहायला. आणि शाळेतल्या शिक्षकांना ऑनलाइन माहिती भरण्यात आठवड्याचे किती तास जातात, हे विचारून ठरावात लिहून वर पाठवा. तालुक्याला पालकांचा ठराव शिक्षकांच्या तक्रारीपेक्षा जड वाटतो.

आमच्या जिल्ह्याला सुरुवात करायचीय. कुठून करावी?

एक तालुका, त्यातली दोन केंद्रं, एक विषय. शक्यतो गणित, कारण चुकांचे गठ्ठे पटकन होतात. इयत्ता तिसरी किंवा चौथी.

जूनमध्ये केंद्रप्रमुख, साधनव्यक्ती आणि डायटचा एक अधिव्याख्याता यांनी मिळून वर्षाचे सात-आठ प्रश्न निवडावेत. विदर्भात शाळा उशिरा उघडतात, तिथे महिना पुढे धरा. पायाभूत चाचणीच्या उत्तरपत्रिकांवर पहिली बैठक, दिवाळीच्या सुट्टीआधी निदान दोन. अधिव्याख्यात्यानं प्रत्येक केंद्रात महिन्यातून एक दिवस, त्यातला अर्धा वर्गात मुलांशी बोलण्यात. दोन्ही केंद्रांना त्या वर्षापुरती वर्णनात्मक नोंदींतून लेखी सूट. हे पत्र आधी निघू द्या, मगच शिक्षकांना बोलवा.

जानेवारीत दोन्ही केंद्रांच्या शिक्षकांची एकत्र बैठक घ्या आणि शेजारच्या केंद्रप्रमुखांना फक्त ऐकायला बोलवा. त्यांच्यातले कोण स्वतःहून ‘आमच्याकडे पण करू’ म्हणतात ते पाहा. पुढच्या वर्षीची केंद्रं तीच. बाकीच्यांना आदेश काढू नका.